पाचवी प्रत

दौलत मेस्त्रीने एकदा तुमचा हात हातात घेतला की तो लवकर सोडायचा नाही. पंजा उलटा करायचा, एकेक बोट अंगठ्याने दाबून बघायचा, डोळे बारीक करायचा आणि मग निकाल सांगायचा. पहिल्याच भेटीत, सगळ्या कचेरीदेखत, तो मला म्हणाला, "भाऊसाब, मधली दोन बोटं बरी हायत तुमची. करंगळी निव्वळ आळशी. फुकट पोसताय तिला." शेजारच्या टेबलावरचा मगदूम फिसकन हसला. मला असा राग आला म्हणता! टाइपरायटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने कारकुनाच्या बोटांची उठाठेव कशाला करावी? पण घरी जाऊन जेवायला बसलो तेव्हा हळूच बघितलं. करंगळी खरंच घासाला लागत नव्हती.

ही गोष्ट साठ सालानंतरची. आमची कचेरी सांगलीत होती. कुठली ते सांगत नाही. त्यातली बरीच माणसं गेली, पण पोरंबाळं आहेत, आणि या वयात मला कोणाशी वाकडं घ्यायचं नाही. कचेरीत टाइपरायटर तीन, आणि ते तिन्ही सारखे आजारी. दर दोन महिन्यांनी दौलत मेस्त्री साताऱ्याहून एस्टीने यायचा. उंच, काटक, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. गाव रहिमतपूरजवळचं. पलटणीत वर्कशॉपला बारा वर्षं काढलेली, तिथेच साहेबलोकांची यंत्रं खोलता खोलता शिकला. छप्पन साली घरादारासकट दीक्षा घेतली होती. आमचे हेडक्लार्क त्याला 'दौल्या' म्हणत. मी तोंडावर अहोजाहो करायचो, पण आठवणीत तो मला एकेरीच येतो. त्या कचेरीत त्याला 'ते' म्हणणारं कोणी नव्हतं, आणि कानाला लागलेली सवय मेली जाता जात नाही.

चहा आला की तो पिशवीतून एक इनॅमलचा मग काढायचा. कडा उडालेला, निळा. मी म्हणायचो, "कपात घ्या की मेस्त्री, कपाने काय तुमचं घोडं मारलंय?" तो म्हणायचा, "पलटणीची खोड, भाऊसाब. कपात पोट भरत न्हाई." दोन वर्षं मी ह्या मगावरून त्याची थट्टा केली. मग एकदा मगदूमने मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या दिवशी हेडक्लार्कांनी चहावाल्याला याच्यासाठी कान तुटलेला कप निराळा ठेवायला सांगितलं होतं. मेस्त्रीने ते ऐकलं. त्या दिवशी चहा घेतला नाही, आणि पुढच्या खेपेला मग घेऊन आला. दोन वर्षं मी हसत होतो आणि तो मला हसू देत होता. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. पण थट्टा थांबवण्यापलीकडे मी काही केलं नाही, हेही सांगून टाकतो.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मशिनीला नावं ठेवू नगा, आधी बोट दावा." कोणीही तक्रार केली, की कळ अडकते, अक्षर उडतं, की तो यंत्राकडे बघायचाच नाही. टायपिस्टाला टाइप करायला लावायचा आणि शेजारी डोळे मिटून उभा राहायचा. आवाजावरून सांगायचा, कुठलं बोट चुकार आहे. मगदूम हा आमचा टायपिस्ट, सांगलीजवळच्या खेड्यातला जैन, घरची शेती, मनगटं उसाच्या कांड्यासारखी. त्याला मेस्त्री म्हणाला, "तुमी टाइप करताय का कणसं बडवताय?"

"आवं मेस्त्री," मगदूम म्हणाला, "पाच कागदं असत्यात. पाचव्यावर उठलं न्हाई तर सायेब मलाच बडवतोय."

ते खरं होतं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या पाच प्रती लागत. वर एक कागद, खाली चार कार्बन आणि चार पातळ कागद, असा थर रुळावर चढवायचा. वरची साहेबांना, दुसरी-तिसरी दप्तरात, चौथी तालुक्याला आणि पाचवी गावाला. म्हणजे ज्याचं काम असे त्याच्या नशिबी सगळ्यात पुसट. तेव्हा हे मला गमतीचं वाटायचं.

एकदा बहिणीच्या सासरी साताऱ्याला गेलो होतो, तेव्हा त्याच्या दुकानात डोकावलो. दुकान कसलं, खाट मावेल एवढी खोली. आत एक मुलगी टाइप करत बसली होती. वीस-एकवीसची, सावळी, केस घट्ट बांधलेले. मी आलो तरी तिने मान वर केली नाही, ओळ पुरी केली आणि मगच उठली. "ही इमल," मेस्त्री म्हणाला. "माझी लेक. म्याट्रिक झालीया." विमलने नमस्कार केला तेव्हा माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. शेवटची दोन बोटं वाळल्यासारखी, आत वळलेली.

ती बाहेर गेल्यावर त्याने ते मला सांगितलं, हातातलं काम न थांबवता. "सात वर्षांची व्हती. तिची आई गुऱ्हाळात चिपाडं उचलायची. पोरगी चरकाशी ग्येली, उसाबरोबर बोटं आत. मी तवा जबलपूरला सायबाची मशीन सुरळीत चालतीया का ते बघत व्हतो. तार पोचली, मी आलो, तवर जखम भरून बी आली व्हती. बोटं ऱ्हायली, जोर ग्येला." आई पुढे दोन वर्षांनी तापाने गेली. पोरीला स्थळं येत, हात बघून परत जात. एकानेही तोंडावर सांगितलं नाही, निरोप पाठवायचे. मेस्त्री म्हणाला, "माझ्यामागं हिचं कसं? सरकारी नोकरीत कायम झाली की मी सुटलो. मग कवा बी मरायला तयार हाय मी."

त्यासाठी त्याने जे केलं ते मी आजवर दुसरीकडे पाहिलेलं नाही. पलटणीच्या भंगारातून उचललेला, मागाहून मराठी अक्षरं बसवलेला एक टाइपरायटर होता. त्याच्या प्रत्येक कळेला त्याने स्वतंत्र स्प्रिंग आणि दोन बारीक पितळी स्क्रू बसवले होते. एक स्क्रू फिरवला की ती एकटी कळ जड किंवा हलकी व्हायची. सोनाराकडून आणलेली वजनं तो कळेवर ठेवून बघायचा. "कंपनीची कळ धा तोळ्याला बसती," तो म्हणाला. "हिच्या करंगळीला चार तोळं झेपतंय. तिच्या बाजूचं बोट साडेचार. बाकीच्या बोटांना मी धाच ठिवलंय. चांगल्या बोटांचे लाड कशाला?"

आणि दुसरा स्क्रू? तो उंबऱ्याचा. कळ थोडी खाली गेली की किंचित अडायची आणि मग एकदम सुटायची. त्या अडण्याला तो उंबरा म्हणे. "अधू बोटाला कळत न्हाई जोर कवा लावायचा. सगळ्या वाटंवर सांडत जातंय. उंबरा लागला की त्याला उमगतं, आता हितं." हा उंबराही स्क्रूने उंच-बुटका करता यायचा. मला त्याने टाइप करायला बसवलं आणि माझ्या आळशी करंगळीसाठी दोन कळा लावून दिल्या. काय सांगू! इतकी वर्षं कचेरीतलं यंत्र माझ्या अंगावर खेकसत होतं, हे एकदम माणसासारखं बोलायला लागलं. मी "वा!" म्हटलं. तो हसला नाही. त्याने स्क्रू परत होते तसे करून ठेवले, कारण ते विमलचं यंत्र होतं.

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस पाचगणीला एका शाळेत यंत्रं विकायला आला होता, तो ह्याची कीर्ती ऐकून दुकानात आला. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, टायपिस्टने यंत्राला जुळवून घ्यायचं असतं, यंत्राने टायपिस्टला नाही. एकेका बाईसाठी एकेक यंत्र करायला लागलो तर कारखाना बंद करावा लागेल. हे मेस्त्रीने मला जसंच्या तसं सांगितलं, जरासुद्धा न रागावता. "बराबर हाय त्याचं," म्हणाला. "त्याच्याकडं गिऱ्हाइकं हायत. माझ्याकडं लेक हाय."

टायपिंगच्या सरकारी परीक्षेला उमेदवार आपापलं यंत्र घेऊन जात. विमलचं यंत्र घोंगडीत गुंडाळून मेस्त्रीने सांगलीपर्यंत मांडीवर आणलं. ती पास झाली, पहिल्या झटक्याला, आणि चांगल्या वेगाने. वर्षभराने आमच्याच कचेरीत तात्पुरती टायपिस्ट म्हणून तिची नेमणूक झाली. स्वतःचं यंत्र वापरायला साहेबांनी परवानगी दिली, नाहीतरी आमच्या तीनपैकी एक कायमचं झोपलेलं होतं. ती मोठ्या आत्याकडे राहायची, दहाच्या ठोक्याला यायची. हेडक्लार्क नाक मुरडत, पण तिच्या कामात खोडतोड नसायची, त्यामुळे त्यांना बोलायला जागा सापडत नव्हती.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं. ती आधी तीन कागदांचा थर चढवायची, मजकूर पुरा करायची, आणि मग दोन कागद चढवून तोच मजकूर पहिल्यापासून पुन्हा. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे सोडून बसायचे, तेव्हा ती दुसरी खेप उरकायची. मी विचारलं, "हे काय विमलताई?"

ती घाबरली. "भाऊसाहेब, कोणाला सांगू नका. तीनच्या खाली उठत नाही. आबा म्हणालेत, कायम होईपर्यंत असंच रेटायचं."

पुढच्या खेपेला मेस्त्री आला तेव्हा मी त्याला कचेरीबाहेर गाठलं. त्याने मान खाली घातली. "मला पयल्यापासनं ठावं हाय. परीक्षेला कार्बन नसतो, भाऊसाब. एकच कागद असतो." मग बराच वेळ स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. "हलकी कळ म्हंजी हलका ठोका. मी वाट साफ करून दिली, पर चालायचं तिलाच हाय. जोर कुठनं तरी यायलाच पायजे, आनि त्यो स्प्रिंगीत न्हाई, बोटातच असतोय. लय डोस्कं खाजवलं. अक्षरांच्या दांड्यांना शिसं लावून बघितलं, रूळ कडक बसवला. दोनाचं तीन झालं, तिनाचं पाच हुईनात." हे बोलताना त्याचा आवाज चोरासारखा झाला होता. माझ्या बोटांचा निकाल सगळ्या कचेरीत वाचणारा माणूस हा! मला त्याची फार कीव आली. मी म्हटलं, मी कोणाला बोलणार नाही. आणि नाही बोललो. ते माझं एकमेव उपकाराचं काम, आणि त्यातच घात झाला.

कारण टाइप झालेला कागद तपासायचं काम माझं होतं. आम्ही त्याला रुजवात म्हणायचो. एकाने कच्चा मसुदा वाचायचा, दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवायचं, आणि पाचही प्रतींवर कोपऱ्यात आद्याक्षरं करायची. वाचायची मात्र वरची एकच. कार्बन खोटं बोलत नाही, अशी आमच्यात म्हणच होती. वरची बरोबर तर खालच्या आपोआप बरोबर. मगदूमच्या कागदांना ते लागू होतं. विमलच्या चौथ्या-पाचव्या प्रतीला वरची प्रत नव्हतीच, ते निराळं टाइप केलेलं असे. हे जगात तीन माणसांना माहीत होतं, त्यातला एक मी. तरी मी वरचीच वाचायचो. हयगय म्हणा, आळस म्हणा. ती चुकत नाही असं मनाने घेतलं होतं.

थंडीत तिचा हात आखडायचा. त्याच दिवसांत एक यादी टाइप करायला आली. धरणात गाव गेलेल्या लोकांना जमिनी द्यायच्या होत्या, त्यांची नावं, गाव, क्षेत्र. दहा-बारा पानं, आणि साहेबांना संध्याकाळच्या आत हवी. विमलने तीन प्रती काढल्या, मग दोन काढायला बसली. एका पानावर एकाखाली एक दोन सोनाबाया होत्या. दुसऱ्या खेपेला तिची नजर एका सोनाबाईवरून दुसरीवर घसरली आणि एक ओळ गेली. अनुक्रमाचे आकडे ती ओळीने मारत गेली, त्यामुळे मध्ये खिंडार दिसलं नाही. मी वरची प्रत तपासली, पाचही कोपऱ्यांत आद्याक्षरं केली आणि घरी गेलो.

चौथी तालुक्याला गेली, पाचवी गावाला. ज्या सोनाबाईची ओळ गळली तिला गावात सांगितलं, तुझं नाव नाही. एकटी म्हातारी, विधवा. तिच्या वाटणीचा तुकडा गावातल्या एका वजनदार माणसाच्या भाच्याला मिळाला. ती सहा-सात महिने या दारातून त्या दारात हिंडली. शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून आमच्या कचेरीत आली, पायरीवर बसून राहिली. नव्या आलेल्या साहेबांनी दप्तरातली प्रत मागवली. त्यात तिचं नाव होतं. गावाकडची प्रत मागवली. त्यात नव्हतं.

एकाच यादीच्या दोन प्रती, दोन्हीवर माझी आद्याक्षरं, आणि त्या जुळत नाहीत! कचेरीत जणू साप निघाला. हेडक्लार्क लगेच म्हणाले, "खालच्या प्रती बदलल्यात. पैसे खाल्लेत कोणीतरी. आणि टाइप कोणाचं आहे ते दिसतंच आहे." विमलला कायम व्हायला दोन महिने राहिले होते. साहेबांनी तिला बोलावलं. ती उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. सांगायचं तर पाच प्रती निघत नाहीत हे सांगावं लागलं असतं, आणि मग नोकरी गेलीच. गप्प राहिली, तर लाच खाल्ल्याचं कबूल केल्यासारखं. साहेब म्हणाले, फौजदारी करावी लागेल.

मलाही बोलावलं. "रुजवात तुमची?"

"हो साहेब. पण कार्बनच्या प्रती. वरची वाचली की झालं, अशीच पद्धत आहे."

"ती दोनदा टाइप करते, हे तुम्हाला ठाऊक होतं का?" हे त्यांनी का विचारलं कोण जाणे, बहुतेक अंधारात दगड मारला असावा.

मी म्हणालो, "नाही साहेब."

घरी दोन लहान मुलं होती, म्हातारे वडील होते. ही कारणं मी नंतर पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. त्या क्षणी मात्र कारण-बिरण काही नव्हतं, नुसती भीती होती. विमल तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलत मेस्त्री आला, आत्याने निरोप धाडला असावा. पिशवी नव्हती. सरळ साहेबांच्या खोलीत गेला, टाचा जुळवून उभा राहिला. "सायेब, पोरगीनं पैसं खाल्लं न्हाईत. तिला पाच कागद फुटत न्हाईत. दोनदा बडवती ती. त्यात चूक झाली. तुमी हितंच बघा."

विमल दारातून ओरडली, "आबा, नको! मी तुरुंगात जाईन, पण हे नको."

"गप," तो म्हणाला. पहिल्यांदाच मी त्याला तिच्यावर आवाज चढवताना ऐकलं.

तिचं यंत्र साहेबांच्या टेबलावर आणलं. पाच कागद चढवले. ती बसली. अर्धं पान टाइप केलं असेल. मेस्त्रीने थर काढून एकेक कागद टेबलावर मांडला. उजव्या दोन बोटांची अक्षरं तिसऱ्यावर पुसट, चौथ्यावर नुसत्या सावल्या, पाचव्यावर त्यांच्या जागा कोऱ्या. हेडक्लार्क म्हणाले, "मुद्दाम हळू मारतेय. ढोंग आहे साहेब. कळा मुळात हलक्या करून ठेवल्यात ह्याने."

मेस्त्रीने खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. हलकी केलेली एकेक कळ जड करत गेला. वजनं लावायची गरज नव्हती, त्याच्या हाताला तोळे पाठ होते. सगळ्या कळा दहावर आल्या. उंबरे काढून टाकले. मग तो विमलला म्हणाला, "मार."

ती मारेना.

"इमल, मार. तुला चोर म्हनत्यात."

तिने करंगळी कळेवर ठेवली आणि दाबली. कळ अर्धी गेली आणि थांबली. पुन्हा दाबली. सगळा हात कोपरापासून थरथरायला लागला, ओठ दातात धरलेला, आणि ती कळ खाली जात नव्हती. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघायला लागले. मेस्त्री मात्र बघत होता, त्याने एकदाही नजर हलवली नाही. साहेबच शेवटी म्हणाले, "पुरे. पुरे आता."

माणूस वाईट नव्हता तो. फौजदारी केली नाही. लाचेचा संशय नाही, असं लिहून दिलं. पण पुढे असंही लिहिलं की टायपिस्टच्या कामास शारीरिक दृष्ट्या असमर्थ, सबब सेवा समाप्त. म्हणजे मेस्त्रीने लेकीची अब्रू वाचवली आणि त्याच हाताने तिची नोकरी घालवली. रुजवातीचा विषय त्या कागदात कुठेच आला नाही. सोनाबाईला तिचा तुकडा परत मिळाला का, मला ठाऊक नाही. मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

मेस्त्रीचा जबाब घेतला. लेकीच्या हाताची हकिगत, यंत्रात केलेले बदल, दोनदा टाइप करायला आपणच तिला सांगितलं होतं, असं सगळं. मगदूमने तो टाइप केला. पाच प्रती. डोळे पुसत टाइप करत होता, पण ठोका तोच. रुजवातीला कागद माझ्याकडे आले. मी आद्याक्षरं केली आणि सहीसाठी मेस्त्रीपुढे ठेवले.

साहेब म्हणाले, "करा सही. पाचही सारख्याच आहेत."

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "रुजवात तुमी घातली, भाऊसाब?"

"हो."

"पाची वाचल्या?"

"पाचही," मी म्हणालो.

तो स्टूल ओढून बसला. पहिली प्रत घेतली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. मग दुसरी. ओठ हलत होते, प्रत्येक शब्द तो लावत होता. साहेब थांबले, मगदूम थांबला. विमल घोंगडीत गुंडाळलेलं यंत्र घेऊन दाराशी उभी होती, ती खाली ठेवायला तयार नव्हती. तिसरी झाली, चौथी झाली. पाचवी त्याने खिडकीकडे नेऊन उजेडात धरली आणि मगदूमला म्हणाला, "झ्याक उठलीया," आणि तीही शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

मग पाचही प्रतींवर सही केली, कागद जुळवून माझ्या हातात दिले आणि लेकीच्या हातातलं यंत्र आपल्याकडे घेतलं. त्यानंतर दौलत मेस्त्री मला कधी दिसला नाही. त्या पाचांतल्या चार प्रती मी वाचलेल्याच नव्हत्या, आणि तो वाचत बसला तेव्हाच हे त्याला ठाऊक होतं.